आजीनं आणायचं पाणी

"केझिया, तुझ्या आईवर लक्ष ठेव."

पाळकबाई हे म्हणाल्या तेव्हा आम्ही कबरस्थानाच्या फाटकाशी उभ्या होतो. आत पुरुषमंडळी मातीचा शेवटचा थर थापत होती. खड्डा इतका लहान होता की काम दोघांनाच पुरलं, बाकीचे नुसते हात बांधून उभे होते. माझी छाती दुधानं ठणकत होती, ब्लाउज भिजला होता, आणि ते दिसू नये म्हणून कुणीतरी माझ्या खांद्यांवर शाल पांघरली होती.

"ती रडली नाही," पाळकबाई म्हणाल्या. "घरी नाही, चर्चमध्ये नाही, इथंही नाही. पाळकाच्या घरात माझा जन्म गेला, रडणारी माणसं मी खूप बघितली. मला न रडणाऱ्यांची भीती वाटते."

"बाई, बाळ माझं गेलंय."

"माहीत आहे गं लेकरा."

"मग माझ्यावर ठेवा की लक्ष. मी आता तिच्याकडे बघत बसू?"

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बाजूला झाल्या. मी आईकडे पाहिलं. भिंतीलगतच्या कडुनिंबाखाली ती एकटीच उभी होती. पायात चपला नव्हत्या. जानेवारीतली गार माती, त्यात उघडी पावलं. गडबडीत घालायच्या राहिल्या असतील, असं मला वाटलं, आणि मी मान फिरवली.

काय झालं होतं ते सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, शेवगावला आले होते. आमचं घर मिशनच्या जुन्या वाडीत, चर्चच्या मागच्या अंगाला. दादा, म्हणजे माझे वडील, आधीच गेले होते. आई एकटीच. तिनं माझं सगळं रीतसर केलं. तेल, आंघोळ, डिंकाचे लाडू, आणि थंडीचे दिवस म्हणून शेकशेगडी. लोखंडी शेगडीत कोळसे फुलवायचे, वर ओवा आणि वावडिंग टाकायचं, आणि बाळबाळंतीण शेजारी निजवायची. सकाळची आंघोळ झाली की मधल्या लहान खोलीत आम्ही दोघं असे ऊब घेत पडायचो. त्या खोलीला एकच खिडकी. शेगडी असली की आई ती वीतभर उघडी ठेवायची.

त्या दिवशी खिडकी बंद होती. आई नळावर पाणी भरायला गेली, तिथं रांग होती. ती परत आली तेव्हा मी बेशुद्ध होते. मला ओढून बाहेर काढलं, ओसरीवर टाकलं, मी ओकले आणि वाचले. बाळ सव्वा महिन्याचं होतं. ते वाचलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, कोळशाचा वायू. वाडीत कुणी आईला तोंडावर बोललं नाही, पण बायका बोलायच्या थांबत नाहीत. "एवढी संडे स्कूलमध्ये शिकवणारी बाई, आणि खिडकी लावून गेली." आईनं ते ऐकलं. मान हलवली. "हो, लावली मी," म्हणाली. एवढंच.

त्यानंतर तीन वर्षांनी मला अना झाली. हे बाळंतपण मी नाशिकला, आमच्या घरीच केलं. सासूबाई नव्हत्या, माझ्या नवऱ्यानं, सुहासनं, रजा काढली, मालिश करायला एक बाई लावली. आईला बोलावलं तर ती दोन दिवस आली, माझ्यासाठी आळीव घेऊन, आणि दोन्ही दिवस तोंडाला पदर लावून लांब बसली. "सर्दी झालीय मला. पोरीला लागेल." नाक तर कोरडं होतं. मी पाहत होते. मी सगळंच पाहत असते, माझा तो स्वभावच झालाय. अनाचा श्वास, गॅसचा कॉक, खिडक्या. आमच्या घराच्या खिडक्या मी थंडीवाऱ्यातही लावू द्यायचे नाही. सुहास म्हणायचा, "बाई गं, आपलं घर म्हणजे एसटी स्टँड झालंय. पंखा विकून टाकू का?" अनाला बारमाही सर्दी. तरी खिडक्या उघड्या.

बाप्तिस्मा मात्र शेवगावलाच करायचा, असा हट्ट मी धरला. नाताळच्या आधीचा रविवार ठरला. सुहास रविवारी सकाळी थेट चर्चमध्ये येणार होता. मी अनाला घेऊन शनिवारी दुपारीच पोचले.

आईनं दार उघडलं आणि मला धस्स झालं. ती निम्मी झाली होती. गालाची हाडं वर आलेली, डाव्या पायाच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं.

"काय झालं पायाला?"

"खडा लागला."

"कधी?"

"लागला होता कधीतरी. आत ये आधी, उन्हात उभी राहून चौकशी करतेस, फौजदारीण कुठली."

तिनं मला पाणी दिलं, चहा टाकला. अनाकडे पाहून हसली, पण लांबूनच, दुसऱ्याच्या अंगणातलं फूल बघावं तसं. मी अनाला पुढं केलं तर म्हणाली, "हात ओले आहेत."

माझा चहा झाला. तिचा कप ओट्यावर तसाच. वर साय धरली, सायीला सुरकुत्या पडल्या.

"गार झाला की गं तुझा."

"मला गारच लागतो."

"कधीपासून? वाफ दिसेना झाली की कप परत करायचीस तू. दादा म्हणायचे, 'हिच्या घशाला पत्रा लावलाय.'"

"वय झालं. पत्रा गंजला."

मी हसले. ती पण हसली. तिचं हसू नेहमीसारखंच होतं, आणि त्यामुळंच मी तीन वर्षं फसले असेन.

एवढ्यात पाळकबाई आल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, गुडघे धरून पायऱ्या चढणाऱ्या. काखेत पितळेची कल्हई केलेली तपेली.

"सलाम, बाई," मी म्हणाले.

"सलाम गं. आण इकडं ती ठमाबाई." अनाला त्यांनी माझ्या हातातून अक्षरशः उपटून घेतलं. "नाक कुणाचं हे? सुहासचं, अमोलिकांचं दिसतंय. असू दे, मोठी झाली की बसेल ठिकाणावर." मग तपेली आईसमोर ठेवली. "घे रत्नमाला. उद्याची तयारी."

आमच्या चर्चच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. कुठं लिहिलेली नाही, पण मोडलेलीही नाही. थंडीच्या दिवसांत बाप्तिस्मा असला की बाळाच्या डोक्यावर घालायचं पाणी आजीनं घरून कोमट करून आणायचं. आईची आई असेल तर तिनं, ती नसेल तर बापाच्या आईनं. आजी ते पाणी कोपरानं तपासते आणि पाळकांच्या हातात देते. माझ्या वेळी माझ्या आजीनं आणलं होतं, याच तपेलीतून.

आईनं तपेलीला हात लावला नाही.

"सुमती आणेल पाणी," ती म्हणाली. "शेजारीच आहे. मी तिला सांगून ठेवलंय."

"सुमती कोण लागते या पोरीची?"

"बाई, माझा पाय दुखतो."

"पाणी पायानं तापवायचंय का?"

"मी आहेर करीन, चादर देईन, झबलं शिवून ठेवलंय. पाण्याचं तेवढं सांगू नका."

पाळकबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तीच नजर, फाटकाशी होती ती. यावेळी मी मान फिरवली नाही. अना कुरकुरायला लागली होती, तिला गुंडाळायला काहीतरी जाड हवं होतं. मी म्हणाले, "रजई बघते आत," आणि मधल्या खोलीत गेले.

त्या खोलीत मी तीन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. खिडकी सताड उघडी. खिडकीला दारंच नव्हती, बिजागऱ्यांसकट काढून टाकलेली. खालच्या फरशीवर एक चटई, एक उशी. पांघरूण कुठंच नाही.

पत्र्याची मोठी ट्रंक कोपऱ्यात होती. झाकण उघडलं तसा डांबरगोळ्यांचा वास आला. घरातल्या सगळ्या रजया, घोंगड्या, दादांची शाल, आईचे दोन्ही स्वेटर, सगळं घडी घालून आत. घड्यांवर धूळ बसली नव्हती, पण त्या मोडलेल्याही नव्हत्या. मी वरची रजई ओढली, तसं काहीतरी खळखळत खाली पडलं.

गोळ्यांच्या पट्ट्या. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या. मी आणखी एक रजई उचलली. तिच्याखालीही. प्रत्येक घडीत. एकही गोळी फोडलेली नव्हती. मी नाशिकहून दर महिन्याला फोन करायचे, "आई, गोळ्या आणल्यास का?" ती म्हणायची, "आणल्या." खोटं बोलली नव्हती ती. आणल्या होत्या.

"आई!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

ती दारात आली. पट्ट्या पाहिल्या. काही लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"हे काय आहे?"

"गोळ्या."

"घेतल्या का नाहीस?"

"राहिल्या."

"तीन वर्षं राहिल्या? आणि हा पाय? हा खडा लागलेला पाय आहे? मरशील तू!"

"लगेच कुठं मरतंय माणूस," ती म्हणाली. अगदी शांत. संडे स्कूलच्या पोरांना समजवावं तशी.

मी तिला बाजूला सारून मागच्या पडवीत गेले. मला आता बघायचंच होतं. तांब्याचा बंब उपडा पडला होता, त्याच्या नळीत कोळ्यानं जाळं केलेलं. चुलीत राख नव्हती. स्वयंपाकघरात गॅस होता, तो माझ्या चहापुरता पेटला असणार, कारण बर्नर नव्यासारखा चकचकीत होता. टोपल्यात भाकरी होती, कुणा शेजारणीनं दिलेली, कडक झालेली. आणि मग मला गार मातीतली ती उघडी पावलं आठवली, आणि सायीला सुरकुत्या पडलेला कप.

मी परत आले. "तू ऊब घेत नाहीस," मी म्हणाले. "गार पाण्यानं आंघोळ करतेस. या खिडकीखाली उघडी झोपतेस. डिसेंबरात."

ती ट्रंकेकडे बघत राहिली.

"आई, बोल."

"त्याला ऊब लागावी म्हणून पेटवली होती ना मी शेगडी," ती म्हणाली. "मग मी कोणत्या तोंडानं घेऊ?"

दारात पाळकबाई उभ्या होत्या, कडेवर अना. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी पट्ट्या पाहिल्या, चटई पाहिली, दार नसलेली खिडकी पाहिली. ओरडतील असं वाटलं. पण त्या आत आल्या आणि गुडघे धरत त्या चटईवरच बसल्या.

"रत्नमाला, बस."

आई बसली.

"प्रभुभोजनाची भाकर द्यायला लागले की तू लहान पोरांना घेऊन बाहेर जातेस. पोरं दंगा करतात म्हणून. मी म्हणायचे, काय गुणाची बाई. तू भाकर चुकवत होतीस ना?"

आईनं मान हलवली.

"पोरांना काय शिकवतेस गं तू, रविवारी? पापांची क्षमा शिकवतेस ना?"

"शिकवते."

"खोटं शिकवतेस?"

"नाही बाई. खरं आहे ते. पोरांसाठी खरं आहे."

"आणि तुझ्यासाठी?"

आई बोटानं फरशीवरची धूळ एका रेषेत गोळा करत होती. "मला नकोय," ती म्हणाली.

"काय नको?"

"माफी. मिळते हे माहीत आहे मला. सगळं तोंडपाठ आहे. पण मला नकोय ती. मी सुटले तर..." ती थांबली.

"सुटलीस तर काय?"

आईची नजर, एका क्षणासाठी, वर आली आणि माझ्याकडे गेली. लगेच खाली वळली. पाळकबाईंच्या ते लक्षात आलं नसेल. माझ्या आलं. मी सगळंच पाहत असते.

मी ट्रंकेच्या कडेवर बसले.

"खिडकी मी लावायला सांगितली होती," मी म्हणाले.

"केझिया," आई म्हणाली. "गप."

"बाई, मी सांगितली होती. अंगावर गार झुळूक येत होती. मी म्हटलं, आई, ती लाव ना. ती म्हणाली, 'कोळसे आहेत गं, राहू दे वीतभर.' मी म्हटलं, 'धूर तर नाहीये कुठं, कशाला घाबरतेस? पाच मिनिटं लाव.' केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेय मी. त्या वायूला रंग नाही, वास नाही, हे मी परीक्षेत लिहिलंय."

"ती ओली बाळंतीण होती," आई पाळकबाईंना घाईघाईनं सांगायला लागली. "तिला काय कळतं? तिला थंडी वाजत होती. लावली मी. हात माझा होता. तिला कुणी विचारूच नये म्हणून मी..."

"म्हणून तू सगळ्यांना सांगितलंस, मी लावली."

"लावलीच होती की! आणि मी ते सोडून दिलं, तर ते पडेल कुणावर? सांगा ना बाई. हिच्यावर पडेल. दोघींपैकी एकीनं घ्यायला हवं ना ते? मी म्हातारी आहे, मी घेते. हिला अजून पोरं व्हायचीत, हिला जगायचंय."

मला तिच्याकडे बघवेना. तीन वर्षं मी नाशिकला खिडक्या उघड्या टाकत होते, आणि ती इथं खिडकीची दारं उपटून त्याखाली उघडी झोपत होती. एकाच गोष्टीसाठी. आणि फोनवर आम्ही दोघी एकमेकींना विचारत होतो, जेवलीस का.

अनानं पाळकबाईंच्या पदराचं टोक तोंडात घातलं होतं. त्यांनी ते सोडवलं नाही.

"दोघींपैकी एकीनं," त्या म्हणाल्या. "बरं. मग त्यानं काय घेतलं?"

आईनं वर पाहिलं.

"क्रुसावर टांगला होता तो, त्यानं काय घेतलं रत्नमाला? बाकी जगाचं सगळं घेतलं आणि तुझी खिडकी तेवढी ठेवली? ती या रत्नमाला त्रिभुवनबाई घेतील म्हणाला?"

"बाई, असं नका बोलू."

"तू बोलतेस! गार पाण्याचे तांबे ओतून तू त्याच्या दुखण्यात भर घालतेस. त्याचं कमी पडलं असं म्हणतेस. तोंडानं नाही म्हणत, पायानं म्हणतेस. बघ तो पाय." त्यांचा आवाज चढला आणि फाटला. "आणि लेकीसाठी जीव द्यायला निघालीस. चांगलं आहे. आई आहेस. पण तुझ्या मरण्यानं ही सुटणार आहे का? विचार तिला. विचार."

आईनं विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. "तू गेलीस तर माझ्यावर दोन होतील."

तिचा चेहरा तेव्हा बदलला. ती दमली होती, एवढंच मला सांगता येईल. डोक्यावरचं ओझं उतरवायला माणूस कुणाचा तरी हात शोधतो, तशी ती दिसत होती.

"मला पेलवलं नाही गं," ती हळूच म्हणाली. "मी उचललं खरं. पण पेलत नाही."

"माणसानं पेलायचं नाहीच ते," पाळकबाई म्हणाल्या. "ठेव खाली. दोघीही ठेवा."

आम्ही तिथंच, त्या खोलीत, गुडघ्यांवर आलो. पाळकबाईंना गुडघे टेकवेनात, त्या बसूनच राहिल्या. कुणी मोठी प्रार्थना केली नाही. आई म्हणाली, "प्रभू, खिडकी मी लावली." मी म्हणाले, "मी लावायला लावली." आणि मग पुढं काय म्हणायचं ते दोघींनाही सुचेना. पाळकबाई म्हणाल्या, "घे रे बाबा आता हे. तुझंच आहे." आणि आमेन.

मग आईनं विचारलं, "त्याचं नाव काय ठेवणार होतीस?"

बाप्तिस्म्याआधीच तो गेला होता. कबरेवर नुसतं 'बाळ अमोलिक' आहे. कुणी कधी विचारलं नव्हतं, तिनं तर नाहीच.

"ओबेद," मी म्हणाले. "तूच सांगायचीस ना बायबलातली ती गोष्ट. म्हाताऱ्या आजीच्या मांडीवर आणून ठेवलेलं ते बाळ."

आई रडली. तीन वर्षांचं रडणं एकदम येतं तेव्हा ते ऐकवत नाही. शेजारची सुमती कुंपणावरून हाक मारायला लागली, "काय झालं वो, काय झालं?" पाळकबाई खिडकीतून ओरडल्या, "काही नाही, जा, पोळ्या कर तुझ्या!" आणि मग माझ्याकडे वळून, डोळे पुसत, "हिनं चहा गार केला ना? जा, ताजा टाक. आलं घाल. आणि ती पिईपर्यंत उभी राहा तिच्यासमोर."

आई चहा प्यायली. जीभ भाजली तिची. "आई गं," म्हणाली, आणि आणखी एक घोट घेतला.

रविवारी उजाडताना मला धुराच्या वासानं जाग आली आणि मी अंथरुणातून उडालेच. पडवीत बंब पेटला होता. आई त्याच्यासमोर उकिडवी बसून फुंकणीनं जाळ करत होती. पायात माझे लोकरीचे मोजे होते. पडवीला तीन बाजू मोकळ्या, तरी ती उठून पुन्हा पुन्हा परसाचं दार ढकलून बघत होती, उघडं आहे ना म्हणून. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

तपेली तिनं स्वतः नेली, लंगडत. पाळकसाहेबांनी विचारलं, "पाणी कोणी आणलं?" आई म्हणाली, "आजीनं." तिनं कोपर बुडवून पाहिलं, पुन्हा पाहिलं, पाळकसाहेब थांबून राहिले, अख्खं चर्च थांबून राहिलं. मग तिनं मान हलवली. अना रडली नाही. डोक्यावर पाणी पडलं तशी जीभ बाहेर काढून चाटायला लागली, आणि मागून सुहास हसला.

त्यानंतर प्रभुभोजन. लहान पोरांना त्या दिवशी कुणीच बाहेर नेलं नाही. ती बाकांखालून रांगत फिरत होती, एकानं दुसऱ्याची चप्पल पळवली. आई पुढं गेली आणि दोन्ही हात पुढं केले. मी तिच्या शेजारी होते. मी तीन वर्षं ती भाकर घेत आले होते, न घेतली तर लोक विचारतील म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा मी ती भूक लागल्यासारखी घेतली.

परत जागेवर आलो तेव्हा आईनं माझ्याकडे हात पुढं केले. "आण," म्हणाली. मी अनाला तिच्या मांडीवर ठेवलं.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याच आठवड्यात आम्ही तिला नगरला दाखवलं. अंगठा काढावा लागला. किडन्या निम्म्याहून अधिक गेल्या होत्या. डॉक्टर मला बाहेर नेऊन विचारत होते, औषधं का बंद केली, कुणाचं लक्ष नव्हतं का घरात. मी उभी राहून ऐकून घेतलं. आई आतून म्हणाली, "तिला नका विचारू, मला विचारा." मग स्वतःच हसली. "पुन्हा सुरू झालं बघ माझं." डायलिसिसच्या खुर्चीत बसून एकदा म्हणाली, "देवानं माफ केलं गं, किडनीनं नाही केलं." शेजारच्या खुर्चीतला माणूसही हसला.

ती आमच्याकडेच राहिली, नाशिकला. अनाला चालायला तिनं शिकवलं. थंडीत दोन रजया घेऊन बसायची आणि म्हणायची, "अजून एक टाक." कपातून वाफ येत नसली तर चहा परत पाठवायची. अना शाळेत जायच्या आधीच्या उन्हाळ्यात ती गेली. शेवगावला, ओबेदच्या शेजारी, तिला पुरलं. त्याच्या दगडावर आता नाव आहे.

मी अजूनही सगळं पाहत असते. खिडक्या रात्री लावते, पण एक वीतभर उघडी ठेवते. सुहास आता त्यावर काही म्हणत नाही. माझी काळजी गेली नाही. पण मला कुणी आरोपी म्हणून हाक मारतंय असं वाटून मी आता दचकत नाही.

तुमच्या ओळखीतल्या एखाद्या घरात मूल गेलं असेल. भेटायला जाल तेव्हा सगळे आईपाशी बसतील, तुम्हीही बसा. पण थोड्या वेळानं उठा आणि आत स्वयंपाकघरात जा. तिथं कुणीतरी एक जण सगळ्यांना चहा देत असेल आणि स्वतःचा ओट्यावर तसाच ठेवत असेल. विचारलं तर म्हणेल, मी बरी आहे. तिच्या पायांकडे बघा. रात्री काय पांघरते ते बघा. तिचा कप परत गरम करा, आणि ती पिईपर्यंत समोरून हलू नका.